वड्याचे तेल वांग्यावर

चटणी संपली म्हणून पोलिसांना पाचारण करावे लागल्याचे प्रसंग कोणत्याही देशाच्या इतिहासात विरळाच. अमेरिकेत तो मान ७ ऑक्टोबर २०१७ या दिवसाला मिळाला. मॅकडोनाल्ड्स या जगद्विख्यात उपाहारगृहांच्या काही निवडक शाखांत त्या दिवशी ‘सेचुआन सॉस’ची एकेक पुडी फुकट वाटण्यात येणार होती. पहाटेपासून रांगा लागल्या. कोणी दोन-दोन, तीन-तीन तास मोटार हाकून आले, कोणी मुलाबाळांना घेऊन आले. वाटपाची वेळ झाली तेव्हा कळले की शेकडो माणसांच्या रांगेसाठी कोठे पन्नास, तर कोठे जेमतेम वीस पुड्या आलेल्या आहेत. काही ठिकाणी एकही नव्हती. मग घोषणा सुरू झाल्या. ‘आम्हांला सॉस पाहिजे’ असा गजर करीत माणसे उभी राहिली. एका शाखेतील चित्रफीत पुढे जगभर फिरली. तीत एक तरुण गल्ल्याच्या फळीवर चढून आरडाओरडा करताना दिसतो आणि पलीकडची नोकर मंडळी कावरीबावरी होऊन पाहत राहतात.

या प्रकाराची त्या वेळी जगभर थट्टा झाली. थट्टेला विषय उत्तम होता यात शंका नाही. पण थट्टा करून झाल्यावरही त्या चित्रफितीतील एक गोष्ट मनातून जात नाही, आणि ती म्हणजे गल्ल्यापलीकडची ती माणसे. पुड्या किती पाठवायच्या हे त्यांनी ठरविले नव्हते. जाहिरात त्यांनी दिली नव्हती. तरीही ओरडा त्यांनी खाल्ला.

मुळात ही चटणी आली कोठून? १९९८ साली डिस्नेचा ‘मुलान’ हा व्यंगपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या जाहिरातीच्या निमित्ताने मॅकडोनाल्ड्सने कोंबडीच्या तळलेल्या तुकड्यांसोबत ही चटणी काही काळ दिली आणि मग बंद केली. पुढची १९ वर्षे तिची कोणाला आठवणही झाली नाही. १ एप्रिल २०१७ रोजी ‘रिक अँड मॉर्टी’ या प्रौढांसाठीच्या व्यंगमालिकेचा एक भाग अचानक प्रक्षेपित झाला. या मालिकेतील रिक हा विश्वाविश्वांतून भटकणारा तऱ्हेवाईक शास्त्रज्ञ म्हातारा. भागाच्या शेवटी तो आपल्या नातवाला बजावून सांगतो की आपल्या साऱ्या उपद्व्यापांमागचे खरे कारण म्हणजे ती १९९८ सालची चटणी पुन्हा मिळविणे. थोर हेतूंच्या नावाखाली माणूस किती क्षुल्लक गोष्टीसाठी धावतो, असा तो विनोद होता. प्रेक्षकांपैकी काहींनी तो विनोद असा मनावर घेतला की चटणीची जुनी पुडी बाळगणाऱ्या एका गृहस्थाला लिलावात १४ हजार डॉलरांहून अधिक बोली आली. विनोदाचे लक्ष्य आपणच आहोत हे ज्यांच्या ध्यानात आले नाही, त्यांनी तो विनोद पुढे सहा महिन्यांनी रस्त्यावर साकार करून दाखविला.

चटणीच्या चवीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. सेचुआन हा चीनच्या नैर्ऋत्येचा प्रांत, आणि मुलानची कथा ही उत्तर चीनमधील लोकगीतातली. म्हणजे नावाचा आणि चित्रपटाचाच मुळात संबंध नाही. सेचुआनच्या स्वयंपाकाची खरी ओळख तेथल्या मिरीसारख्या फळात आहे. ते फळ जिभेला मुंग्या आणते, ओठ बधिर करते. आमच्या किनारपट्टीवरच्या वाचकांना ही चव अपरिचित नाही. बांगड्याच्या हुमणात आपण जे तिरफळ ठेचून घालतो, ते याच कुळातले, सेचुआनी फळाचे सख्खे चुलतभावंड. तेव्हा सेचुआनच्या चवीचा खरा अंदाज काणकोण किंवा वेंगुर्ल्याच्या गृहिणीला जेवढा असेल तेवढा त्या रांगेतील तरुणांना असण्याचा संभव नव्हता. त्यांना मिळणार होते ते सोया, शिरका, आले आणि लसूण यांचे साखरगोड मिश्रण. आपल्याकडे हातगाडीवर ‘शेजवान’ म्हणून जी लालभडक तिखट चटणी मिळते, ती आणखी तिसरीच. सेचुआनशी नाते सांगण्याचा अधिकार दोघींनाही सारखाच, म्हणजे केवळ नावापुरता. असो.

आता प्रश्न असा, की एवढ्या मोठ्या कंपनीला पुरेशा पुड्या करता आल्या नाहीत काय? अमेरिकेत तिच्या सुमारे १४ हजार शाखा आहेत. चटणीची पुडी ही तिच्या कारखान्यांना अवघड वस्तू नव्हे. पुड्या कमी होत्या, कारण त्या कमीच ठेवावयाच्या होत्या. ‘एकच दिवस’, ‘निवडक शाखा’, ‘संपेपर्यंत’ ही जाहिरातीच्या धंद्यातील जुनी मंत्राक्षरे आहेत. विपुल वस्तूची बातमी होत नाही, दुर्मीळ वस्तूची होते. आणि दाराबाहेर लागलेली रांग ही फुकटात पदरात पडलेली जाहिरात असते. त्या दिवशी कंपनीला खरे म्हणजे चटणी वाटावयाची नव्हती. कोंबडीचा एक नवा पदार्थ तिला बाजारात आणावयाचा होता आणि चटणी हे त्याचे आमिष होते. गळाला आमिष किती लावायचे याचा हिशेब कोळी करतो, तसा तो मुख्य कचेरीत बसलेल्या मंडळींनी केला. मासे किती येतील याचा अंदाज मात्र साफ चुकला.

याठिकाणी आम्हांला आपल्याकडच्या जेवणावळीची आठवण होते. गोव्यातल्या देवळात समाराधना चालू आहे, शेवटच्या पंगतीला मणगणे संपले, असे कधी घडत नाही असे नाही. अशा वेळी पानावर बसलेला मनुष्य वाढप्याच्या अंगावर धावून जात नाही. तो मनातल्या मनात यजमानाचे नाव घेतो. फार तर घरी जाताना दोन शब्द बोलून दाखवितो. आणि यजमानही काय करतो? तो स्वतः पंगतीत येतो, हात जोडतो, ‘आज अंदाज चुकला, सांभाळून घ्या’ म्हणतो. वाढप्याला पुढे करून आपण माजघरात बसून राहणारा यजमान आमच्या पाहण्यात नाही. असा कोणी निघालाच तर गावात त्याची छी:थू झाल्यावाचून राहणार नाही. अन्न कमी पडल्याची लाज ज्याने आमंत्रण दिले त्याची, हा संकेत कोणत्या शास्त्रग्रंथात लिहिलेला आहे हे आम्हांस ठाऊक नाही. पण तो इतका अंगवळणी पडलेला आहे की लिहून ठेवण्याची कधी गरज पडली नसावी.

मॅकडोनाल्ड्ससारख्या व्यवस्थेत यजमान दिसतच नाही. जाहिरात ठरते इलिनॉय राज्यातल्या मुख्य कचेरीत. शाखा असते कंपनीचे नाव भाडेपट्ट्याने घेतलेल्या एखाद्या स्थानिक धंदेवाल्याची. अमेरिकेतील बहुतेक शाखा अशाच चालतात. आणि गल्ल्यावर उभा असतो तो तासावर मजुरी घेणारा मनुष्य. पुष्कळदा तो विद्यार्थी असतो, पुष्कळदा दोन ठिकाणी राबणारी एखादी आई असते. आमंत्रण एकाने द्यायचे, मांडव दुसऱ्याचा आणि शिव्या तिसऱ्याने खायच्या, अशी ही सोयीस्कर वाटणी आहे. ही काही योगायोगाने झालेली नाही. अशा रचनेत ग्राहकाला रागवायचेच झाले तर तो रागावणार कोणावर? ज्याचा चेहरा दिसतो त्याच्यावर. आणि चेहरा दिसतो तो फक्त वाढप्याचा.

येथे कोणी म्हणेल, चटणीसारख्या भिकार वस्तूसाठी रागावणे हाच मूर्खपणा, मग तो कोणावर काढला याची चिकित्सा कशाला? आम्ही एवढे सोपे उत्तर देऊ इच्छित नाही. वस्तू क्षुल्लक म्हणून राग क्षुल्लक, असा नियम नाही. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर हजारो माणसे गेली ती मूठभर मिठासाठीच. त्या मुठीतल्या मिठाची बाजारातली किंमत कवडीमोल होती. तरी त्या मिठाला हात लावण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. पण शिरोड्याला आणखी एक गोष्ट घडली आणि ती आम्हांला मिठाहूनही महत्त्वाची वाटते. आपला राग कोणावर आहे हे त्या माणसांना नेमके ठाऊक होते. मिठाच्या कायद्यावर आणि तो करणाऱ्या सत्तेवर त्यांचा राग होता. समोर लाठी घेऊन उभ्या असलेल्या शिपायावर हात उगारावयाचा नाही, हा पहिला धडा देऊनच त्यांना मिठागरात पाठविण्यात आले होते. शिपाई मारीत होता, तरीही तो धडा मोडावयाचा नव्हता. ऑक्टोबर २०१७ च्या त्या शाखांत गल्ल्यावरच्या पोराने कोणाला साधे बोटही लावले नव्हते.

फुकट वाटप आणि बक्षिसांच्या जाहिराती यांतून माजलेले सगळेच गोंधळ हसण्यावारी नेण्याजोगे नसतात. फिलिपाइन्समध्ये १९९२ साली पेप्सी कंपनीने बाटलीच्या झाकणाखाली आकडे छापून बक्षिसांची योजना काढली. सर्वांत मोठे बक्षीस दहा लाख पेसोंचे, म्हणजे त्या वेळच्या सुमारे चाळीस हजार डॉलरांचे होते. २५ मे रोजी ३४९ हा विजयी आकडा जाहीर झाला. आणि मग उलगडा झाला की तो आकडा दोन झाकणांवर नव्हे, दहा झाकणांवर नव्हे, तर सुमारे आठ लाख झाकणांवर छापला गेलेला आहे. झोपडीत राहणाऱ्या माणसाने ते झाकण उराशी धरून रात्रभर काय काय बेत केले असतील याची कल्पना वाचकांनी करावी. सकाळी कंपनीने सांगितले की ही चूक झाली, बक्षीस मिळणार नाही. पुढे सद्भावनेखातर प्रत्येकी ५०० पेसो देऊ केले. मोर्चे निघाले, कंपनीच्या मालमोटारी जाळल्या गेल्या, बाँब फेकले गेले. निदान पाच माणसे प्राणास मुकली. दावे वर्षानुवर्षे चालले आणि २००६ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर भरपाईचे दायित्व नाही असा निर्वाळा दिला.

या लोकांचा राग अनाठायी होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांना वचन दिले गेले होते आणि ते वचन चटणीच्या पुडीचे नव्हते. त्यांच्यापैकी कित्येकांना आयुष्यात दुसऱ्यांदा अशी संधी येणार नव्हती. पण या दंगलीत मेले कोण? मनिलात फेब्रुवारी १९९३ मध्ये मालमोटारीवर टाकलेला बाँब उसळून रस्त्यावर फुटला आणि त्यात एक शिक्षिका आणि एक पाच वर्षांचे मूल ठार झाले. ज्यांनी आकडे छापले, ज्यांनी संगणकाला चुकीचा आकडा दिला, ज्यांनी ५०० पेसोंचा हिशेब मांडला, त्यांच्यापैकी कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. खरा अन्याय आणि खरा राग असूनही वड्याचे तेल वांग्यावरच निघाले.

मॅकडोनाल्ड्सला तरी हा अनुभव नवा होता काय? जानेवारी २००० मध्ये सिंगापुरात याच कंपनीने जेवणासोबत ‘हॅलो किटी’ या मांजरीच्या बाहुल्या देण्याची टूम काढली होती. शिस्तीसाठी नावाजलेल्या त्या शहरात मध्यरात्रीपासून रांगा लागल्या, मारामाऱ्या झाल्या आणि एका शाखेत रेटारेटीने काचेचे दार फुटून काही जण जखमी झाले. बाहुली घेऊन जेवण तेथेच टाकून जाणारी माणसेही दिसली. मे २००९ मध्ये केएफसीने दूरचित्रवाणीवरील ओप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमातून भाजलेल्या कोंबडीच्या जेवणाची कुपने देऊ केली. एक कोटीहून अधिक लोकांनी ती उतरवून घेतली आणि कंपनीला दोन दिवसांत हात वर करावे लागले. तेथे निदान कंपनीच्या अध्यक्षाने स्वतः पुढे येऊन जाहीर क्षमायाचना केली, एवढे तिच्या पदरात टाकले पाहिजे. कुपन घेऊन आलेल्याला नकार द्यावा लागला तो मात्र गल्ल्यावरच्याच माणसाला.

यात सर्वांत उद्वेगजनक घटना २०१९ ची. पॉपाइज या कंपनीने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोंबडीचे एक सँडविच बाजारात आणले आणि पंधरवड्यात ते संपले. टेनेसी राज्यातल्या एका इसमाने आपला वेळ वाया गेला म्हणून कंपनीवर फिर्याद केली, हे एक वेळ हसण्यासारखे. पण ह्यूस्टनमध्ये सँडविच नाही म्हटल्यावर कर्मचाऱ्यांवर पिस्तूल रोखले गेले. नोव्हेंबरच्या ३ तारखेला ते सँडविच पुन्हा विक्रीला आले आणि दुसऱ्याच दिवशी मेरीलँड राज्यात, रांग मोडून कोण पुढे घुसले यावरून झालेल्या भांडणात २८ वर्षांच्या एका तरुणाला भोसकून ठार करण्यात आले. चार डॉलरांच्या सँडविचची ती रांग होती.

एके काळी आपल्याकडेही रॉकेलसाठी, साखरेसाठी, दुधासाठी रांगा लागत. त्या रांगांतही बाचाबाची होई, कधी हातघाईवरही प्रकरण येई. गरजेच्या रांगेला मात्र एक मर्यादा असे. आपल्या मागे उभी असलेली बाई आपल्याइतकीच अडलेली आहे हे पुढच्याला समजे. हौसेच्या रांगेत ते भान राहत नाही असा आमचा समज आहे. तेथे मनुष्य वस्तूसाठी आलेला नसतो, ‘मला मिळाली’ असे म्हणता यावे म्हणून आलेला असतो. त्यासाठी दुसऱ्याला न मिळणे हे जवळजवळ आवश्यकच असते. चटणीची पुडी मिळालेल्यांपैकी काहींनी ती खाल्ली नाही. ती त्याच दिवशी शेकडो डॉलरांना विकावयास काढली. मिशिगनमध्ये एका पुडीच्या मोबदल्यात जुनी मोटार दिली-घेतली गेल्याचे वृत्तही त्या सुमारास छापून आले होते.

रांगेतल्या सगळ्यांनाच एका पारड्यात तोलणे अन्यायाचे होईल हेही नमूद केले पाहिजे. गल्ल्यावर चढणारा एक होता. पुडी न मिळताच मुकाट्याने घरी गेलेले हजारो होते आणि त्यांची चित्रफीत कोणी काढली नाही. मालिकेचा एक निर्माता जस्टिन रॉयलँड याने त्याच दिवशी जाहीर केले की या वाटपाशी आमचा काही संबंध नाही आणि उपाहारगृहातल्या कर्मचाऱ्यांशी सभ्यपणे वागा, दोष त्यांचा नव्हे. या प्रकरणात वाढप्याची बाजू घेणारा जाहीर शब्द आमच्या वाचनात आला तो हा. ज्याच्या विनोदातून सारे उद्भवले त्याला जे सुचले ते कंपनीच्या पत्रकातही सुचावयास हरकत नव्हती. कंपनीने क्षमा मागितली खरी, पण ती चाहत्यांची. त्यांच्या उत्साहाची तिने तारीफ केली, सर्वांना पुडी मिळाली नाही याबद्दल दिलगिरी दाखविली आणि हिवाळ्यात भरपूर चटणी आणू असे आश्वासन दिले.

आश्वासन पाळले गेले. २६ फेब्रुवारी २०१८ रोजी चटणी परत आली, आणि या खेपेला अमेरिकेतल्या शाखांसाठी दोन कोटी पुड्या काढण्यात आल्या. जी पुडी ऑक्टोबरमध्ये वीसच होऊ शकत होती ती साडेचार महिन्यांत कोट्यवधींनी तयार झाली. त्याच सुमारास कंपनीने ‘द सॉस’ या नावाची तीन भागांची एक श्राव्य मालिकाही प्रसृत केली. चटणी संपण्यामागचे रहस्य शोधून काढणाऱ्या वार्ताहराच्या थाटात ती रचलेली होती आणि ७ ऑक्टोबरचा सगळा गदारोळ तीत कथानक म्हणून वापरला होता. म्हणजे तो राग, त्या घोषणा, सारे काही जाहिरातखात्याच्या भांडवलात जमा झाले.

पुड्या वाटल्या त्या गल्ल्यावरच्याच मंडळींनी. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांच्याच पेशातल्या लोकांनी तासाला १५ डॉलर मजुरीसाठी संप पुकारला होता आणि ती मागणी पुढे अनेक शहरांत पोचली होती. काही राज्यांनी आपापले दर त्यापूर्वी व त्यानंतर वाढविले. अमेरिकेच्या संघराज्याने ठरविलेला किमान दर मात्र चटणी संपली त्या दिवशीही तासाला ७.२५ डॉलर होता, चटणी परत आली त्या दिवशीही तेवढाच होता, आणि तो २००९ सालापासून तेवढाच आहे.